एक डोंगर, एक पाट आणि एकतीस दिवस

डिसेंबर उंबरठ्यावर आहे. १ तारखेपासून महिनाभर देशोदेशीची हौशी लिहिणारी माणसे, नोकरी-शिक्षण-संसारातून रोज थोडा वेळ काढून, कुठल्याच नकाशात नसलेल्या गावांबद्दल लिहू लागतील. 'वर्ल्डएम्बर' हे त्या उपक्रमाचे नाव. कल्पित जगांच्या नोंदी ठेवण्याची सोय देणारी 'वर्ल्ड ॲन्व्हिल' ही मंडळी तो दर डिसेंबरात भरवतात. अट एकच आहे. एकतीस दिवसांत आपल्या मनातल्या जगाविषयी १०,००० शब्द लिहायचे. कथाच हवी असे बंधन नाही. तिथल्या नद्या, कायदे, दैवते, साथीचे आजार, लग्नातल्या पंगती, सरदार घराण्यांची जुनी वैरे, काहीही चालते. हिशेब मांडला तर रोज सव्वातीनशे शब्दांच्या आतच काम भागते. याच मंडळींचा जुलैमध्येही एक असाच उपक्रम असतो. त्यात विषय त्यांच्याकडून येतात आणि लिहिणाऱ्याने आपल्या जगात त्यांची उत्तरे शोधायची असतात.

महिनाभर लिहिण्याची ही चाल रुजवली ती 'नॅनोरायमो'ने. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि त्याचे मित्र धरून २१ जणांनी एका महिन्यात कादंबरी लिहून काढायचे ठरवले. पुढे नोव्हेंबर महिना आणि ५०,००० शब्द हे समीकरणच जगभर पक्के झाले. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली. पण संस्था मिटली म्हणून सवय मिटत नाही. महिना ठरवायचा, आकडा ठरवायचा आणि सोबत लिहिणाऱ्या अनोळखी माणसांच्या भरवशावर बसून राहायचे, ही रीत आता कुणा एकाच्या मालकीची उरलेली नाही.

एका मराठी नियतकालिकाने यावर अग्रलेख लिहावा का? आम्हांला वाटते, लिहावा. हॅरी पॉटर वाचून, टॉल्किन वाचून, संगणकावरचे खेळ खेळून मोठी झालेली एक पिढी आपल्याही घरांत आहे. तिच्यातल्या कितीतरी मुलामुलींच्या वह्यांत राज्यांचे नकाशे आहेत, वंशावळी आहेत, स्वतः रचलेल्या लिप्या आहेत. त्या वह्या बहुधा इंग्रजीत असतात आणि मोठ्यांना दाखवल्या जात नाहीत, कारण 'हे काय लिहिणे म्हणायचे' असे कुणीतरी कधीतरी म्हटलेले असते. ते लिहिणेच आहे, आणि फार जुने आहे.

यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी १८२६ मध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी मुलासाठी लाकडी शिपायांचा एक संच आणला. ब्रॅनवेल आणि त्याच्या तिन्ही बहिणींनी एकेक शिपाई उचलून त्याला नाव दिले आणि तिथून 'ग्लास टाउन' नावाचे नगर उभे राहिले. मोठी गंमत पुढे आहे. या मुलांनी त्या जगाच्या गोष्टी तर लिहिल्याच, शिवाय त्या जगात निघणारे मासिकही लिहिले. तळहातावर मावेल एवढ्या आकाराचे, शिपायांच्या डोळ्यांना साजेशा बारीक अक्षरांतले, त्यात तिथल्या जाहिरातीसुद्धा. शार्लट आणि ब्रॅनवेल पुढे 'अँग्रिया'कडे वळले, एमिली आणि ॲन यांनी 'गोंडाल' हे वेगळे जग घेतले आणि मोठेपणीही ते सोडले नाही. गोंडालचे गद्य हरवले, कविता उरल्या. 'वदरिंग हाइट्स' लिहिणारीचा हात कुठे घडला हे पाहायचे, तर त्या कवितांकडे जावेच लागते.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची हकीकत याहून बोलकी आहे. १८८१ च्या पावसाळी सुट्टीत स्कॉटलंडमधल्या ब्रेमर गावी, सावत्र मुलाच्या संगतीत त्याने एका बेटाचा नकाशा रंगवला. नकाशाकडे बघता बघता त्याला झाडीतून माणसे हलताना दिसू लागली आणि 'ट्रेझर आयलंड' सुरू झाली. पुढे पुस्तकासाठी पाठवलेला तो नकाशा वाटेत गहाळ झाला. मग कादंबरीत आलेली प्रत्येक खूण, प्रत्येक अंतर तपासत स्टीव्हन्सनला तोच नकाशा पुन्हा काढावा लागला. आधी नकाशातून गोष्ट निघाली होती, आता गोष्टीतून नकाशा काढणे आले. आपल्या लेखी हा दुसरा नकाशा कधीच पहिल्यासारखा झाला नाही, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. कल्पित जगाची तयारी म्हणजे काय, हे कळायला एवढी एक घटना पुरे. पहिला नकाशा हात मोकळा सोडून काढलेला असतो. त्यातल्या रिकाम्या जागांत माणसे शिरतात.

आता तयारीविषयी, कारण प्रसंग त्याचाच आहे. नोव्हेंबरचे शेवटचे दिवस या मंडळींत तयारीचे मानले जातात, आणि बहुतेकांची तयारी एकाच दिशेने जाते. सात खंड ठरतात. राजांच्या यादीत चाळीस नावे होतात. देवदेवतांचे कोष्टक भरते. जादूचे नियम कलमवार लिहून होतात. ब्रिटिश लेखक एम. जॉन हॅरिसन यांनी २००७ मध्ये या साऱ्या खटाटोपावर कडक हल्ला चढवला होता. नसलेल्या जागेची कानाकोपऱ्यासह मोजणी करण्याचा हा अट्टहास लिहिणाऱ्यालाही कोंडतो आणि वाचणाऱ्यालाही काम उरू देत नाही, असा त्यांचा रोख होता. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मोजणीला अंत नसतो, हे खरे. १९१६-१७ च्या सुमारास सुरू केलेली आपल्या जगाची पुराणकथा टॉल्किन मरेपर्यंत दुरुस्त करत राहिले. ते १९७३ मध्ये गेले आणि 'सिल्मरिलियन' त्यांच्या मुलाने १९७७ मध्ये संपादित करून छापले. पण त्याच टॉल्किननी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना प्रवाशांनी एका दिवसात किती मैल चालावे आणि त्या रात्री चंद्राची कला कोणती असावी याचा मेळ घातला होता. ती मोजणी कुणाला दाखवण्यासाठी नव्हती. पात्रांचे पाय खरोखर दुखावेत, म्हणून ती होती. मोजावे, पण ज्याच्यापासून पुढे काही घडते तेच मोजावे. आमचे सगळे म्हणणे या एका वाक्यात येते, आणि त्यासाठी लांबचे दाखले देण्याची गरज नाही.

सातारा जिल्हा घ्या. पश्चिमेला महाबळेश्वर, तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला माण तालुका, तिथे तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. एकच जिल्हा, मध्ये सह्याद्रीची एक भिंत आणि तिच्यामागे पडलेली पर्जन्यछाया. आता या एका भिंतीमागोमाग चालत जा. अलीकडे भात, पलीकडे बाजरी-ज्वारी. म्हणजे ताट बदलले. ताट बदलले की सणाचा नैवेद्य बदलतो, भांडी बदलतात, साठवणीच्या जागा बदलतात. पलीकडच्या माळावर शेतीचा भरवसा नाही, म्हणून मेंढरे आली. मेंढरांना वर्षभर एका जागी चारा नाही, म्हणून भटकंती आली. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे निघू लागले. वाटेतल्या शेतकऱ्याला खत हवे, म्हणून तो रानात मेंढ्या बसवून घेऊ लागला आणि बदल्यात धान्य देऊ लागला. म्हणजे करार आला, करारामागून विश्वास आला आणि कधीमधी तंटाही आला. वाटेवर देव आले, कारण कळपाला वाघरू-लांडग्यापासून राखणारे कुणीतरी हवेच. एका डोंगरातून एवढे निघते. ज्याने आपल्या कल्पित खंडावर डोंगररांग काढली आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारखीच माणसे वसवली, त्याने डोंगर नुसताच रंगवला.

दुसरा धडा पाण्याचा. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम यांच्या खोऱ्यांत काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा बांधायचा, पाटाने पाणी उताराउताराने रानात न्यायचे आणि भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे मोठमोठे फड पाडायचे. एका फडात त्या वर्षी एकच पीक. शेतकऱ्याची जमीन एकगठ्ठा नसते, तिचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असतात. पाणी देण्यासाठी पाटकरी नेमलेला असतो. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाणी देत जातो, मालक कोण हे न बघता. पिकाची राखण करायला जागल्या असतो. आता विचार करा. एकच पीक असल्यामुळे पाण्याची गरज सारखी, म्हणून भांडणाचे एक कारण कमी. तुकडे विखुरलेले असल्यामुळे टंचाईच्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला, तरी तोटा सगळ्यांत वाटला जातो. नियम जमिनीच्या वाटणीतच मुरवलेला आहे, त्यासाठी शिपाई लागत नाही.

डिसेंबरात लिहू पाहणाऱ्याला आमची सूचना आहे की खंड, साम्राज्ये, युगे यांपैकी काहीही घेऊ नका. असा एक पाट घ्या. पाटकऱ्याचा पगार कोण देतो? तो आजारी पडला तर? त्याच्या मुलीने हे काम मागितले तर गाव काय म्हणेल? बंधारा फुटला त्या वर्षाला लोक काय नाव देतात? वीस दिवसांचे लिखाण या प्रश्नांतच आहे.

आणि एक प्रश्न टाळता येणार नाही. पाणी कुणाला मिळत नाही? आपल्या इतिहासाने हा प्रश्न फार क्रूरपणे मांडून ठेवला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे मात्र अस्पृश्यांना बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा कागदावरचा हक्क प्रथमच पाण्यापर्यंत पोचला. त्यावर हल्ले झाले, तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली, खटला वर्षानुवर्षे चालला. कल्पित जगांच्या वह्यांत कायदे फार असतात, आणि ते केले त्या दिवसापासून पाळले जातात असे गृहीत धरलेले असते. कायदा आणि तळ्याचा काठ यांच्यातले अंतर ज्या जगात नाही, त्या जगात माणसे राहतात असे वाटत नाही. परक्या ग्रहावरचे राज्य लिहा, हजार वर्षांपुढचे शहर लिहा, पण तिथे पाण्याला हात लावायला कुणाला बंदी आहे, कुणी घातली आणि ती मोडायला पहिला कोण गेला, हे ठाऊक असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यासाठी वाचायचे काय, असे कुणी विचारील. परदेशातल्या मार्गदर्शक पुस्तकांना आमचा आक्षेप नाही. पण आपल्या शेल्फावर त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' आहे, १९१५ चा. एका गावात कोण काय करतो, त्याबद्दल सुगीला खळ्यावर कुणाला किती मिळते, थोरल्या ओळीतला बलुतेदार कोण आणि धाकट्या ओळीतला कोण, फिरस्ते कधी येतात आणि काय मागतात, पैसा न वापरता एवढा संसार कसा चालतो आणि कुठे कुरकुरतो, हे सगळे त्यात आहे. आत्रे त्या व्यवस्थेवर कठोर टीकाही करतात. त्यांची काही मते आज पटत नाहीत, फिरस्त्या जमातींविषयीची तर मुळीच नाहीत. पण जग उभारणाऱ्याने कोणते प्रश्न विचारावेत, हे शिकवणारे इतके भरगच्च पुस्तक मराठीत दुसरे आम्हांला दिसत नाही. त्याच्या जोडीला जुन्या मुंबई इलाख्याची, जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेली जिल्हावार गॅझेटिअरे चाळावीत. आठवड्याचे बाजार, नावांचे उतारे, घरांच्या भिंती कशाच्या, मजुरी किती, दुष्काळ कोणकोणते, अशा नोंदींची ती खाण आहे. ती वाचताना ध्यानात ठेवावे की ही मोजणी राज्यकर्त्यांनी आपल्या कारभारासाठी केली होती. मग आपल्या जगातली नोंदवही कोण लिहितो आहे, कुणासाठी, आणि काय गाळतो आहे, हा विचार आपोआप सुरू होतो. एका कारकुनाने लिहिलेली गावाची माहिती आणि त्याच गावातल्या म्हातारीने नातीला सांगितलेली माहिती एकमेकींशी जुळत नाहीत, असे दोन शेजारशेजारचे तुकडे लिहून पाहावेत. त्यांतून जेवढे जग उभे राहील तेवढे पन्नास पानी इतिहासातून राहणार नाही.

अर्सुला ले ग्विन या बाबतीत आम्हांला सर्वांत जवळच्या वाटतात. 'अर्थसी'च्या बेटांचा नकाशा त्यांनी कथेच्या आधी काढला, पण त्या बेटांवर काय आहे हे आपण लिहीत लिहीत शोधले, असे त्या सांगत. मानववंशशास्त्रज्ञाच्या घरात वाढलेल्या या लेखिकेने १९८५ मध्ये 'ऑल्वेज कमिंग होम' काढले. कॅलिफोर्नियातल्या एका दरीत दूरच्या भविष्यात राहणाऱ्या केश लोकांची गाणी, पाककृती, नाटके, आत्मकथने, शब्दकोश असे सारे त्यात आहे. पहिल्या आवृत्तीसोबत त्या लोकांच्या संगीताची कॅसेटही होती. सलग कथा त्या पुस्तकाचा एक भागच आहे, तरी वाचून झाल्यावर ती दरी ओळखीची वाटते. त्याचे कारण असे की तिथे माणसे सतत काहीतरी करत असतात, पेरतात, शिजवतात, नाचतात, भांडतात. लेखिका दुरून वर्णन करत बसत नाही.

म्हणून उरलेल्या दिवसांत करायचे ते थोडेच आहे. एक जागा ठरवावी, पायी दिवसभरात ओलांडता येईल एवढी. तिथे कशाची टंचाई आहे ते ठरवावे. पाण्याची, मिठाची, सरपणाची, मुलांची, झोपेची, कशाचीही. त्या टंचाईवर माणसांनी काढलेला तोडगा ठरवावा आणि त्या तोडग्यात कुणाचा तोटा झाला तो माणूस शोधावा. मग पंधरा-वीस कोरी पाने घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर नुसते शीर्षक टाकून ठेवावे. एखादा निवाडा, एखाद्या यात्रेचा जमाखर्च, सासरी गेलेल्या मुलीचे पत्र, वैदूची औषधे, मुलांच्या खेळातले नियम, सावकाराविरुद्धची तक्रार. कागदपत्रांचे सूर जितके वेगवेगळे, तितके बरे. पाने भरू नयेत. १ डिसेंबरला टेबलाशी बसल्यावर आज काय लिहू हा प्रश्न पडू नये, एवढ्याचसाठी ती. नावांसाठीही परदेशी ध्वनींच्या मागे धावू नये. एकाच नावाची बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावे आपल्याकडे जागोजागी आहेत. वस्ती फुटून वेगळी झाली, त्याची ती खूण. आपल्या जगातली गावे कशी फुटली हे ठरवले की नावे मागोमाग येतात. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी, जेव्हा हे सगळे फोल वाटू लागते आणि नवे, अधिक झगमगीत जग सुचू लागते, तेव्हा त्या नव्या जगाला वहीच्या मागच्या पानावर एक ओळ द्यावी आणि पाटाकडे परतावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दहा हजार शब्द आज कुठलेही यंत्र काही क्षणांत ओतून देते. राजे, खंड, दैवते यांची कोष्टके तर फारच सफाईने. शब्दांचा आकडा गाठणे हेच या महिन्याचे फळ असते, तर हा महिना आता संपल्यातच जमा होता. पण पाटकऱ्याची मुलगी काम मागायला चावडीवर उभी राहिली तेव्हा तिच्या बापाने मान खाली घातली की वर केली, हे ठरवताना लिहिणाऱ्याच्या आत जे होते त्यासाठीच हा महिना असतो. ते दुसऱ्याकडून करून घेण्यात काहीच मिळवणे नाही. म्हणून नवशिक्यांना आमची कळकळीची विनंती आहे की या एकतीस दिवसांतले अडखळणेही स्वतःचेच असू द्या.

मराठीला हे परके नाही. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, तेव्हा 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि पहिली ठरली. कथा होती 'कृष्णविवर', आणि लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून ते नाव घेतले होते. स्पर्धेचे एक निमित्त झाले आणि मराठी विज्ञानकथेला एक मोठा लेखक मिळाला. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्यामागे जी मुले आज आकाशगंगांपलीकडची गावे लिहू पाहत आहेत, त्यांना मराठीत तसे निमित्त देणे हे संपादकांचे काम आहे.

इथे आम्ही आमच्या व्यवसायबंधूंशी बोलतो. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, कविता, लेख, व्यंगचित्र असे आपल्या अंकांचे ठरलेले कप्पे आहेत. कल्पित गावाचे गॅझेटिअर, नसलेल्या राज्यातला निवाडा, भविष्यातल्या दुष्काळाचा अहवाल, सोबत हाताने काढलेला नकाशा, असे लिखाण त्या कप्प्यांत बसत नाही, म्हणून ते परत जाते किंवा पाठवलेच जात नाही. पुढच्या दिवाळी अंकांत निदान आठ पाने त्यासाठी मोकळी ठेवावीत. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. डिसेंबरात जे लिहून होईल ते तपासायला, पुन्हा लिहायला आणि स्वच्छ नकाशा काढायला तोवर पाच महिने हाताशी आहेत.